चौतीस सालची बस

खरं प्रेम माणसाला उंच नेतं, पार ढगांच्या वर नेऊन बसवतं, असं सगळे जाणकार सांगतात. प्रेमानंद मेश्रामला ते झालं तेव्हा तो एका दूधगाडीखाली उताणा पडला होता आणि त्याच्या डाव्या डोळ्यात गंज गेला होता.

जानेवारीतला रविवार होता. नागपुरातल्या एका शाळेच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. ती दूधगाडी सन अठ्ठावीसची आहे, असं तिच्या मालकानं पाटीवर लिहिलं होतं, आणि पाटीवर लिहिलेलं प्रेमानंदला कधीच पटत नसे. वयाच्या चौतिसाव्या वर्षी तो विम्याचा सर्वेयर होता. लोकांच्या ठोकलेल्या गाड्या पाहायच्या आणि ‘इथे गाय आडवी आलेली नाही, इथे मालक झोपलेला आहे’ असा अहवाल द्यायचा, हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. जुन्या बसगाड्या आणि व्हॅना ओळखणं हा छंद. दोन्हीकडे संशय तोच, फक्त सुटीच्या दिवशी तो पदरमोड करून घ्यायचा.

तर तो चेसिसचा नंबर शोधत होता, आणि पलीकडून दुसरी एक टॉर्च सरळ त्याच्या तोंडावर आली.

“टॉर्च खाली करा जी,” तो म्हणाला.

“तुम्ही आधी करा.” आवाज मुलीचा होता. “माझे डोळे चालले.”

दोन्ही टॉर्चा खाली झाल्या. गिअरबॉक्सच्या पलीकडे दोन मोठे डोळे, कपाळावर ग्रीसचा एक पट्टा, आणि केसांत अडकलेलं वाळकं गवत…

“तुम्ही काहून आले इथं?” त्यानं विचारलं.

“तुम्ही काहून आले?”

“मी नंबर पाहून राहिलो.”

“मी लाकूड पाहून राहिली. तुमच्या नंबराशी मले काही घेणं नाही.”

“अठ्ठावीसची नाही ही.”

“नाहीच! फळ्या प्लायवूडच्या आहेत. अठ्ठावीस साली इकडं कोणाच्या आज्यानं लावलं होतं प्लायवूड?”

प्रेमानंदच्या छातीत काहीतरी हललं. त्यानं आधी वर पाहिलं, गाडी जॅकवरून सरकली की काय म्हणून. गाडी जागच्या जागी होती.

तिचं नाव मिनल बावनकर. पारडीकडे तिच्या वडिलांचा ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता. तिचे पणजोबा सागवानी लाकडात बसच्या बॉड्या बांधत. कंपनी पाठवायची फक्त चेसिस, वरचं घर बांधायचं ते बावनकरांनी.

“म्हणजे तुम्हीच ते मेश्राम?” गाडीखालून निघून कपडे झटकत ती म्हणाली. “जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर सगळ्यांले खोटं पाडता ते?”

“खरं असलं तर खरंही म्हणतो.”

“कितींदा म्हटलं?”

प्रेमानंदनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “एकदा. एकोणीस साली.”

“मग?”

“मग ते पण खोटं निघालं.”

ती हसली. एकदा हसली ते समजण्यासारखं होतं. ती दुसऱ्यांदा का हसली, हा प्रश्न प्रेमानंद घरी घेऊन गेला.

जुन्या गाड्यांच्या ह्या वेड्यांचा ग्रुप म्हणजे एक चमत्कारिक प्रकार होता. कोणाला शेतात, गोठ्यामागे जुनी गाडी सापडली की तिचा फोटो ग्रुपवर टाकायचा, पण मागचं झाड, डोंगर, मैलाचा दगड, सगळं पुसून. नाहीतर दुसऱ्या दिवशी दुसराच तिथे टेम्पो घेऊन हजर. त्यामुळे ग्रुपवरच्या सगळ्या गाड्या धुक्यात उभ्या असत. प्रेमानंद इतका सावध, की त्यानं एकदा गाडीशेजारी उभ्या राहिलेल्या स्वतःलाही पुसून टाकलं होतं. ग्रुपच्या प्रमुख होत्या सिंधूताई, निवृत्त शाळा तपासनीस. कामठी रोडला त्यांची मोठी शेड होती. तिथे स्वातंत्र्यपूर्व गाड्या फुकट ठेवता येत. सत्तेचाळीसनंतरच्या गाडीला ताई फाटकातून आतसुद्धा घेत नसत.

पुढचे तीन रविवार मिनल भेटत राहिली. कधी जुने फोटो घेऊन, कधी पणजोबांची मापं लिहिलेली वही घेऊन, आणि दर वेळी डब्यात कोथिंबीर भरलेली सांबारवडी. चहाच्या टपरीवर दोघं एका फोटोवर वाकत. तिची वेणी वहीवर पडे, ती मागे टाके, पुन्हा पडे. प्रेमानंद चाकांचे नट मोजायला जाई आणि तीनदा मोजूनही कधी पाच भरत, कधी सहा. एखादी मुलगी आपल्याला उगाचच वडी कशाला खाऊ घालील? ह्या मुलीला काहीतरी हवं आहे, असा त्यानं अहवाल तयार केला. फक्त तो कोणाला द्यावा, हे कळेना.

त्याच्या पुढच्या रविवारी तो अहवाल खरा ठरला.

“एक बस दाखवायची आहे तुमाले,” ती म्हणाली. “पण… फोन बंद करून मले द्यायचा. आणि रस्ता विचारायचा नाही.”

“माझ्यावर भरवसा नाही?”

“तुमचा आहे कोणावर?”

प्रेमानंदनं फोन बंद करून तिच्या हातात दिला. तो तिच्या स्कूटीवर मागे बसला. ती सावनेरकडे गेली, खाप्याला वळली, कन्हान ओलांडली, एका कालव्याला दोनदा प्रदक्षिणा घातली. थंडी अंगात शिरत होती, तिची ओढणी त्याच्या नाकावर फडफडत होती, आणि धानाच्या कापलेल्या बांध्यांवरून ऊन तिरपं येत होतं. एखाद्यानं ह्यात सुख मानलं असतं. प्रेमानंद सूर्याकडे पाहून दिशा काढत होता.

“पारशिवनी,” उतरताच तो म्हणाला. “सरळ आलो असतो तर अर्धा वेळ लागला असता.”

“मग मागं बसून एवढा वेळ गप्प काहून होते?”

प्रेमानंद लाल झाला. थंडीमुळे, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

शेत तिच्या मोठेबाबांचं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचं, मधुकररावांचं होतं. बांधावरच्या चिंचेखाली ती बस उभी होती. रंग उडालेला, चाकं अर्धी मातीत, आत तणसाच्या पेंढ्या. पण लाकडी कमानींचा तो डौल!

“पाहून घ्या बावा,” मधुकरराव खाटेवरून म्हणाले. “उद्या सोमवारी गॅस कटरवाला येऊन राहिला. मले ट्रॅक्टरले जागा पाहिजे. ह्या पोट्टीनं चार वर्षं झाले, मले हातच लावू दिला नाही तिले.”

मिनल हळूच म्हणाली, “सिंधूताई म्हणे, मेश्रामनं स्वतः जाऊन पाहून स्वातंत्र्यपूर्व म्हटलं तर शेडमध्ये जागा देते. एकच जागा उरली आहे… पणजोबांच्या हातची ही शेवटची बॉडी आहे, प्रेमानंदजी. बाकीच्या साऱ्या चुलीत गेल्या.”

म्हणजे वडी ह्यासाठी होती! प्रेमानंदला एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या. आपण बरोबर ओळखलं ह्याचा आनंद, आणि बरोबर निघालो ह्याचं दुःख. दुसरी गोष्ट त्याला नवीन होती.

त्यानं बोनेट उचललं. आत अॅल्युमिनियमची एक पाटी होती. तिच्यावर ठळक अक्षरांत सन १९३४. पाटी जुनी दिसत होती. पण तिचे चारही स्क्रू स्टारचे होते, आणि इकडं जुन्या गाड्यांना सरळ चिरेचे स्क्रू असतात हे त्याला झोपेतही ठाऊक होतं.

तो सरळ उभा राहिला. आवाज त्याचा नेहमीचा, सर्वेयरचा झाला.

“ही पाटी बनावट आहे. कोणी लावली?”

“मी,” मिनल म्हणाली.

“तुम्ही?”

“हो. इतवारी बाजारातून खोदून आणली. जुनी पाटी गेली होती, नुसते भोकं राहिले होते. खराब दिसत होतं.”

“आणि चौतीस हे साल कुठून काढलं? मनातून? मले फसवाले?”

मिनलनं आपला फोन काढला, ग्रुपवरचे जुने निरोप मागे मागे सरकवत नेले आणि तो त्याच्या पुढे धरला. दोन वर्षांपूर्वीचा ग्रुपवरचा फोटो होता. सिंधूताईंनी ‘एका सदस्याकडून’ म्हणून टाकलेला, सगळी पार्श्वभूमी पुसलेला. चिंच नाही, शेत नाही, धुक्यात नुसती ही बस. आणि खाली प्रेमानंद मेश्राम ह्यांचा सतरा ओळींचा अभिप्राय: रेडिएटरचा आकार, बोनेटच्या फटी, मडगार्डचा बाक… ‘सबब निःसंशय सन १९३४.’

प्रेमानंदला तो रविवार आठवला. बाहेर जायचं होतं, घाई होती, मडगार्ड नीट दिसतही नव्हतं. निःसंशय हा शब्द त्यानं आयुष्यात एकदाच वापरला होता, तोही अंदाजानं.

“तुम्ही लिहिलं,” मिनल म्हणाली, “मी मानलं. पाटीवर खोदून घेतलं. आता तुम्हीच ते पाहून खोटं म्हणून राहिले…”

तिचा आवाज शेवटी जरा ओला झाला. विमा क्षेत्रात ओल्या आवाजावर विश्वास ठेवायची पद्धत नाही. पण प्रेमानंदला आज पहिल्यांदाच कळत होतं, की सगळं जग तपासत फिरणाऱ्या आपल्याला कोणीतरी न तपासता दोन वर्षं खरं मानलं होतं. त्याला एकदम भीती वाटली.

“थोडं रॉकेल मिळन का जी?” त्यानं मधुकररावांना विचारलं.

पुढच्या चाकाच्या स्प्रिंगांच्या वर, चेसिसच्या लोखंडातच ठोकलेला मूळ नंबर असतो. तो कोणी बदलत नाही, कारण तो आहे हेच बहुतेकांना माहीत नसतं. दोघं मातीत गुडघे टेकून बसले. तो रॉकेल ओती, ती फडक्यानं घासे. सत्तर-पंचाहत्तर वर्षांचं ग्रीस पापुद्र्यापापुद्र्यानं सुटत होतं. एकदा तिची बोटं त्याच्या बोटांवर आली, आणि… दोघांनीही फडकं सोडलं नाही.

“सांबारवडी नुसती ह्या बससाठी होती?” त्यानं खालमानेनं विचारलं.

“पहिल्या रविवारी होती.”

“मग?”

“मग काय मग! सात खाऊन विचारून राहिले.”

आकडे दिसले. प्रेमानंदला तपासायला पुस्तक लागत नव्हतं. ती मालिका त्याला तोंडपाठ होती. युद्ध संपल्यावर सुरू झालेली. अठ्ठेचाळीस.

“किती निघालं?” मिनलनं विचारलं. “तुम्ही म्हणाल ते मी मानीन. मागं मानलंच होतं ना.”

आता तो एक शब्द बोलला असता तर सगळ्यांचं भलं होतं. बस वाचली असती, त्याचा सतरा ओळींचा अभिप्राय वाचला असता, आणि ही मुलगी खूश होऊन त्याच्याकडे अशीच पाहत राहिली असती. ‘चौतीस’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण मग ती ते मानणार होती. तपासणारसुद्धा नव्हती. खोटं पचवणाऱ्या लोकांत उभं आयुष्य काढलेल्या प्रेमानंदला एवढा मोठा गुन्हा करण्याची सवय नव्हती.

“अठ्ठेचाळीस,” तो म्हणाला.

मिनलनं फडकं खाली ठेवलं. एका कमानीवर हात फिरवला, अगदी सावकाश. “एका वर्षानं चुकली,” ती म्हणाली. आणि पाठ फिरवून उभी राहिली.

प्रेमानंदनं आपला फोन मागून घेतला आणि ग्रुपवर लिहिलं: ‘दोन वर्षांपूर्वी मी ज्या बसला निःसंशय १९३४ म्हटलं, ती १९४८ ची आहे. अंदाज होता, पुरावा नव्हता. माझं चुकलं. बॉडी मात्र अस्सल आहे. अशी सागवानी बॉडी मी दुसरी पाहिलेली नाही. उद्या सोमवारी ती कापली जाणार आहे. स्थळ: पारशिवनी, मधुकरराव बावनकर ह्यांचं शेत.’ आणि खाली फोटो: चिंच, बांध, शेत, मधुकरराव, सगळं जसंच्या तसं.

“पत्ता टाकला?” मिनल वळून किंचाळली. “भैताड झाले का!”

ग्रुपवर अर्धा तास कोणी बोललं नाही. सगळ्यांना ग्रुप हॅक झाल्याचा संशय आला असावा. मग सिंधूताईंचा व्हॉइस मेसेज आला, खणखणीत:

“मेश्राम, बारा वर्षं झाली ह्या ग्रुपले. गाड्या दोन हजार आल्या, ‘माझं चुकलं’ आज पहिल्यांदा आलं. एवढा दुर्मिळ नमुना मी सोडणार नाही. बस पाठवा. नियम मीच केला होता, मीच मोडते. ट्रेलर उद्या सकाळी येतो.”

सोमवारी ट्रेलर आधी आला आणि गॅस कटरवाला नंतर. त्यानं चहा घेतला, बस चढताना पाहिली आणि दोन सूचनाही दिल्या. मागची चाकं फळीवर आली तेव्हा ड्रायव्हरनं दम घ्यायला थांबवलं. मधुकरराव वाकून तणसात काहीतरी धुंडाळत होते. प्रेमानंद आणि मिनल बांधावर टेकले. तिच्या कपाळावर पुन्हा ग्रीसचा पट्टा होता, आणि तो तिला सांगायचा नाही असं प्रेमानंदनं ठरवलं होतं.

“मिनल,” तो म्हणाला, “मले तुमच्यावर… एकाही गोष्टीचा संशय नाही.”

“एकाही?”

“एक आहे.”

“कोणता?”

“मी तुमाले आवडतो, असा.”

मिनलनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. दूर पेंचच्या बाजूनं वारा आला. मग ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली, “संशय… बरोबर आहे तुमचा.”

प्रेमानंद मेश्रामच्या आयुष्यात इतकं निखालस खरं वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. त्याला वाटलं, आता आकाश मागितलं तरी देऊ, वीस वर्षांच्या चेसिस नंबरांच्या याद्या मागितल्या तरी देऊ. तेवढ्यात तिचा हात त्याच्या हातावर आला. ती अगदी जवळ वाकली.

“एक मागू? नाही म्हणू नका.”

“मागा,” तो कसाबसा म्हणाला.

“थोडं सरका ना. चौदा नंबरच्या पान्यावर बसले तुम्ही, मोठेबाबा मघापासून शोधून राहिले.”