कांद्यात गेलेलं गाव

ओवीच्या धाकट्या आत्याचं लग्न झालं, ते साल २०५२. मांडव उतरला त्याच आठवड्यात ओवीच्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या शेतात एक यंत्रमानव आला. सहा पायांचा, काळाकुट्ट. गाव त्याला मुंगळा म्हणू लागलं आणि तोही त्या नावाला ओ देऊ लागला.

त्या शेतावर सामान वाहणाऱ्या ड्रोनचा तळ होणार होता. बांधकामाआधी पाच दिवस पुरातत्त्वीय तपासणी (जमिनीखाली जुन्या माणसांच्या खुणा शोधणं) करायचा नियम होता. वस्ती सापडली तर तेवढा तुकडा राखायचा, नाहीतर सहाव्या दिवशी काँक्रीट. ओवीला वाटे, सापडावी. ती चालायला लागल्यापासून या रानात रंगीत खापरं वेचत आली होती.

मुंगळ्याने जागोजागी चाचणीचर (अरुंद, सरळ खड्डे) घेतले. चौथ्या दिवशी तो चराच्या काठावर थबकला.

"वरच्या वीतभर मातीत तीन हजार वर्षांपूर्वीचं खापर आहे आणि त्याला चिकटून तीनशे वर्षांपूर्वीचं. खाली नुसती कोरी काळी माती. इथे वस्ती नव्हती."

"मग खापरं आली कुठून?" ओवीने विचारलं.

"तेच कळत नाही. आत्याच्या लग्नात उष्ट्या पत्रावळी खड्ड्यात टाकल्या ना? तळाला कोणत्या?"

"पहिल्या पंगतीच्या."

"आणि तो ढीग उपसून रानभर पसरला तर?"

"कोण आधी जेवलं, कोण नंतर, काहीच कळणार नाही."

"मातीचंही तसंच. तिचे थर (एकावर एक साचलेले पदर) असतात. खालचा जुना, वरचा नवा. वस्तू कोणत्या थरात आहे, हे गेलं की तिची निम्मी गोष्ट गेली."

बांधावर बसलेले आबा एरवी म्हणाले असते, 'पोट नाही आणि पंगतीच्या गप्पा मारतोय.' आज ते उठून घरी गेले.

पाचव्या दिवशी दुपारी ते चरापाशी आले.

"मुंगळ्या, ढीग मी उपसला. याच शेताच्या कडेला, ओढ्यालगत पांढरीचं (जुन्या गावठाणाची राखाडी माती) टेकाड होतं. त्या मातीत राख, शेण, हाडं. कांदा असा पोसायचा. वीस वर्षं ट्रॉल्या भरभरून रानात टाकली. सगळेच टाकायचे."

"पहिल्या दिवशी का नाही सांगितलं, आबा?"

"तू खापरं आणून माझ्या हातात ठेवायचीस. कोणत्या तोंडाने सांगू, पोरी?"

"टेकाड सगळं संपलं का?" मुंगळ्याने विचारलं.

"म्हसोबाच्या दगडाभोवती कुणी फावडं लावलं नाही. तेवढं असेल."

तिकडे फिरकू नकोस, असं आबांनीच पहिल्या दिवशी मुंगळ्याला बजावलं होतं. आता त्यांनी म्हसोबाला नारळ फोडला. मुंगळ्याने दगडापासून चार हात सोडून चर घेतला.

राखेखाली सारवलेली जमीन निघाली. तिच्याखाली चूल. चुलीखाली पुन्हा जमीन, तिच्याखाली आणखी एक चूल. ओवी मोजत होती. पाच चुली झाल्या आणि दिवस मावळला. मुदत संपली.

दोन गुंठे राखले गेले. टेकाड होतं दोन एकरांचं. बाकीचं गाव कांद्यात गेलं होतं.

त्यानंतर आबा शेजारच्या गावांत जाऊन सांगू लागले, पांढरी नेऊ नका. एका गावाने ऐकलं. तिथलं टेकाड आजही अख्खं आहे आणि ओवीच्या शाळेची मुलं तिथे थर वाचायला शिकतात.

आबा, म्हणजे भानुदास, २०५४ सालच्या मार्गशीर्षात एका मंगळवारी सकाळी वारले.