चालता पत्ता

सोनवाळ बेटावरच्या प्रयोगशाळेत डॉ. अनसूया तांडेल दुर्बीण डोळ्याला लावून बसल्या होत्या. समोरचा किनारा अगदी निर्लज्जपणे रिकामा होता.

"हंगाम संपत आला, इब्राहिम. एक तरी मादी परत आली नाही, तर आपल्या उबवणकेंद्राला टाळं लागणार."

सोनवाळची चोचवाली कासवं पाठीपायी संपली होती. त्यांच्या पाठीवरच्या मधाच्या रंगाच्या तबकड्यांच्या फण्या आणि बांगड्या शेजारच्या मुंडवळ बेटावर घडत, आणि गलबतं भरून जात. शेवटी घडवायला काही उरलंच नाही. पंचवीस वर्षांपूर्वी अनसूयाबाईंनी दूरच्या समुद्रातली अंडी आणून इथं उबवली. आता त्या माद्या वयात आल्या होत्या.

भूचुंबकतज्ज्ञ डॉ. इब्राहिम मुकादम पडद्यावरच्या आकड्यांत डोकं खुपसून बसले होते. काय ते जनावर! ना नकाशा, ना होकायंत्र. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा जोर आणि कल जागोजागी वेगळा असतो. जन्मताना पिल्लू आपल्या जागेची ही 'चुंबकछाप' टिपतं आणि अख्खा समुद्र भटकून त्याच पत्त्यावर येतं. केंद्राच्या छापपेटीत तारांच्या वेटोळ्यांनी हवी ती छाप तयार करता येई. पिल्लांना सोनवाळचीच दिली होती.

"अरे देवा!" मुकादम एकदम ओरडले. "कासवं नाही चुकली, आपण चुकलो. पृथ्वीचं चुंबकत्व दरवर्षी थोडं थोडं सरकतं. हे मी पोरांना शिकवतो, आणि इथं मीच विसरलो! आपण त्यांना त्या दिवसाचा पत्ता दिला. तो पत्ता केव्हाच इथून निघून गेला."

"आता कुठं आहे?"

मुकादमांनी चष्मा काढून पुसला. "मुंडवळला."

अनसूयाबाई ताडकन उठल्या. फण्या कातणाऱ्यांच्या दारात! कासवपाठ चोरबाजारात आजही सोन्याच्या भावानं जात होती. दोघं तसेच होडीत बसले.

मुंडवळच्या पुळणीवर भर दुपारी माणसांचं कडं उभं होतं. बाई धडपडत आत शिरल्या. मधोमध एक मादी वल्ह्यासारख्या पायांनी वाळू उपसत होती, आणि पाठ अशी झळकत होती की बाईंना स्वतःलाच नजर हटवता येईना. शेजारी सुभद्राक्का बसली होती, फणी घडवणाऱ्यांतली शेवटची. हातात करवत नव्हती. पोरांनी गलका केला की ती नुसते डोळे वटारायची.

"आक्का, हात नाही लावलात?"

"आमी जन्मभर ह्यांची पाठच बघितली गो बाय," म्हातारी पुटपुटली. "तोंड आज बघतंय."

बाईंना रडू आवरेना, आणि त्यांनी ते आवरलंही नाही.

अंडी घालून मादी समुद्राकडे वळली. मुकादम हलकेच म्हणाले, "केंद्र वाचलं. आता चूक सुधारू. ही अंडी छापपेटीत ठेवतो, आणि सोनवाळचा पंचवीस वर्षांनंतरचा पत्ता देतो. हिच्या पोरी नेमक्या आपल्या बेटावर येतील."

सोनवाळसाठी बाईंनी उभा जन्म घातला होता. तो पत्ता चालत येईतो त्या असतील की नाही, कोण जाणे. समोर आक्का मादीची वाट सोडून गुडघे धरत बाजूला सरकत होती, आणि पोरंही तिचं बघून सरकत होती.

"पंचवीस वर्षांनंतरचाच द्या," बाई म्हणाल्या. "पण मुंडवळचा."