दांडीवरचा अंगठा

साल १९८६, नोव्हेंबरची चार तारीख, मंगळवार. वेळ दुपारी सव्वा वाजताची. इतकं नेमकं सांगता येतं, कारण त्या दिवशी मी दुरुस्त करत असलेल्या रेडिओच्या आत मी तारीख लिहून ठेवली होती आणि तो रेडिओ अजून माझ्याकडे आहे.

आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. पण दादांचे हात दोन वर्षांपासून थरथरायला लागले होते, त्यामुळे बारीक काम सगळं माझ्याकडे आलं होतं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे मोकळं मैदान, आणि डोक्यावर दाताचा दवाखाना. वरून दिवसभर ड्रिलचा आवाज यायचा. उजवीकडची खालची दाढ ठणकत असली, की तो आवाज मला फार जवळून ऐकू यायचा.

तर सव्वा वाजता एक लाल खेळण्यातली गाडी रस्ता ओलांडून आली, उंबऱ्यावरून उडाली आणि माझ्या स्टुलाच्या पायावर आपटली. उलटी पडली तरी चाकं फिरतच होती. मी तिला उचललं, पोटाखालची बॅटरीची पिन ओढली. चाकं थांबली.

मागून एक माणूस धापा टाकत आला. अंगात पांढरा कोट, हातात हातभर एरियलचा रिमोट.

"थांबवलीत?"

"पिन काढली."

"मी मैदानापासून ओरडतोय तिच्या मागे…"

"तिला कान नसतात, डॉक्टर."

"मी डॉक्टर आहे हे कसं कळलं?"

"कोटावरून. आणि दोन महिने माझ्या डोक्यावर ड्रिल चालवताय, तेवढी ओळख पुरे झाली."

तो हसला. दात अगदी सरळ होते. मला राग आला त्याचा… म्हणजे दातांचा.

मी गाडी उघडून पाहिली. आत वेग कमी-जास्त करायला जुन्या पद्धतीची फिरती पट्टी होती. एक छोटी मोटर ती पट्टी पितळेच्या टिकल्यांवरून सरकवायची. टिकली जळून पट्टी तिला चिकटली होती. मग रिमोट काहीही सांगो, गाडी पूर्ण वेगात.

"ही पट्टी गेली," मी म्हटलं. "आता इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोल मिळतात. काही फिरत नाही, काही चिकटत नाही."

"माझ्याकडे आहे. बहिणीनं पार्सलनं पाठवलाय. दोन महिने डबा उघडला नाही."

"का?"

"माणसाच्या दाढेत तार घालताना माझा हात हलत नाही. लाल-काळ्या तारा दिसल्या, की हलतो."

तेवढ्यात आत्या चहा घेऊन आली. आत्या म्हणजे दादांची मोठी बहीण, आमच्याच घरात राहायची आणि गावाच्या बातम्या तोंडपाठ ठेवायची. तिनं पाहुण्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि बिस्किटांची बशी पुढे केली. मी एक बिस्किट घेतलं.

"डावीकडून चावता तुम्ही," तो म्हणाला.

"मग?"

"उजवीकडची खालची दाढ. शेवटून दुसरी."

"मी इथे रेडिओ बघते. तुम्ही इथे दात बघू नका."

"अगं, बघू दे की," आत्या म्हणाली. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. ह्यांचं भरतं. शिकून घे काहीतरी."

ठरलं असं, की मी गाडी करायची, मग त्यानं दाढ. मी गाडीला लगेच हो म्हटलं. दाढेचं बघू म्हटलं.

तो सहाला दवाखाना बंद करून खाली यायचा. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायचा, आणि मी सांगेन ते हातात द्यायचा. स्क्रू त्याच्याइतके नीट कोणी धरलेले मी पाहिले नाहीत. चिमट्यात धरून, जरा तिरके, जणू रुग्णाच्या तोंडात द्यायचे आहेत. मी जुनी पट्टी काढली, ती फिरवणारी मोटर काढली, तापणारी तारेची गुंडाळी काढली. गाडी एकदम हलकी झाली. नवा कंट्रोल काड्यापेटीएवढा. तो दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीवर बसवला. रेडिओचा संदेश पकडणारा रिसीव्हर होता त्याच्यापासून जरा दूर, म्हणजे एकाची खरखर दुसऱ्याला नको. मोटरच्या दोन टोकांना तिची खरखर गिळणारे छोटे कपॅसिटर लावले. मग बॅटरीच्या तारा. इथे एकदा उलट लागलं, की कंट्रोल जागच्या जागी जळणार.

"लाल लालला," तो हळूच म्हणाला.

"मला माहीत आहे."

"मी स्वतःला सांगतोय."

सोल्डरचा बारीक धूर आमच्या दोघांच्या मधून वर जायचा. राळेचा तो वास मला अजून आवडतो. हे काम दोन संध्याकाळींचं होतं. मी त्याला तीन आठवडे लावले. कधी कपॅसिटर "मिळाला नाही", कधी तार "जरा आखूड पडली". दादा कोपऱ्यात जुना रेडिओ पुसत बसायचे. एकदा म्हणाले, "माझ्या काळात तार आखूड पडू नये म्हणून आपण वीतभर जास्तच कापायचो." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दादांचं एक मात्र त्यानंही पाठ केलं. रिमोट आधी चालू करायचा आणि शेवटी बंद करायचा. "सांगणारा आधी जागा हवा," दादा म्हणायचे, "नाहीतर ऐकणारा भलत्याचंच ऐकतो."

बोलता बोलता कळलं, की तो इथे तीन महिन्यांपुरता आला आहे. म्हातारे डॉक्टर आजारी, त्यांच्या जागी. आता त्यांनी विचारलं होतं, दवाखाना कायमचा घेतोस का. त्याच्या गावी काकांचा दवाखाना वाट बघत होता. तीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. त्याच दिवशी मैदानावर रिमोटच्या गाड्यांची शर्यत होती.

"काय ठरवलंत?" मी तारेकडे बघत विचारलं.

"अजून मधेच आहे."

"घोडं अडलंय कुठे?"

तो स्क्रू चिमट्यात धरून बसला. मीही पुढे विचारलं नाही. काय विचारणार होते? दादांना सोडून मी कुठे जाणार नव्हते, जाऊ शकत नव्हते. तो गेला तर गेला, एवढं साधं होतं. त्याला 'थांबा' म्हणायचा मला काय हक्क… आणि तरी रोज सहा वाजता वरचं ड्रिल बंद झालं, की मी केस नीट करायचे.

अठ्ठावीस तारखेला, शुक्रवारी, कंट्रोल जुळवायचा होता. त्यावर बारीक दोन स्क्रू होते. एकानं सांगायचं, रिमोटवरची वेगाची दांडी मधोमध असली म्हणजे गाडी उभी. दुसऱ्यानं सांगायचं, दांडी पूर्ण पुढे म्हणजे पूर्ण वेग. मी गाडी लाकडी ठोकळ्यावर ठेवली, चाकं अधांतरी. रिमोट त्याच्या हातात. दांडी सोडली की स्प्रिंगनं आपोआप मधे येते. म्हणून पहिला स्क्रू फिरवताना दांडीला कोणाचा हात लागायला नको.

"हात काढलाय?" मी विचारलं.

"हो."

मी स्क्रू हळूहळू फिरवला. चाकं गुणगुणत होती, मंद झाली, थांबली. मग त्यानं दांडी पूर्ण पुढे नेली, मी दुसरा स्क्रू जुळवला. जुळल्याची खूण म्हणून कंट्रोलवरचा बारीक दिवा लागला. दुकानात दोन फेऱ्या मारल्या, गाडी सांगितलं तसं वागली. मग मी दोन्ही स्क्रूंवर लाल रंगाचा एकेक ठिपका ठेवला. ही आमच्या दुकानाची पद्धत. काम तपासून झालं, की स्क्रूवर लाल ठिपका. ठिपका मोडला तर कोणीतरी हात लावला. माझा ठिपका मला कधीच मोडावा लागला नव्हता.

रविवारी मैदानावर बरीच माणसं जमली. शर्यत लावणारे शाळेचे कवायतीचे मास्तर. त्यांचा नियम कडक. गाड्या रेषेवर, आणि झेंडा पडेपर्यंत सगळ्यांनी दोन्ही अंगठे वर करून दाखवायचे. कोणी आधीच दांडी ढकलायला नको, म्हणून.

"अंगठे," मास्तर म्हणाले.

सगळ्यांनी अंगठे वर केले. डॉक्टरांनीही केले. आणि लाल गाडी निघाली. धावली नाही. रांगत्या बाळासारखी, शांतपणे, एकटीच रेषेच्या पुढे.

मास्तरांनी परत आणायला लावली. अंगठे वर. गाडी पुन्हा निघाली. तिसऱ्यांदाही तेच. लोक हसायला लागले. मास्तरांनी गाडी बाद केली.

"हात दाखवून अवलक्षण ते हेच," आत्या म्हणाली.

मी दुकानात परत आले. कान तापले होते. शर्यत गेली त्याचं काही नव्हतं. माझं काम चुकलं होतं, भर मैदानात, आणि तेही त्याचं. त्यात संध्याकाळ होत आली होती. गावातली त्याची शेवटची आठवण ही राहणार.

दादा म्हणाले, "तुझ्या हाताला खोट नाही. पण जुळवताना कशाकडे बघत होतीस?"

"चाकांकडे."

"आणि त्याच्या हाताकडे?"

दादांची शिकवण साधी होती. दुसऱ्यानं सांगितलेलं ऐकायचं नाही, डोळ्यानं बघायचं. मी विचारलं होतं, बघितलं नव्हतं. मान वर केली असती तर हात दिसला असता. पण हाताच्या मागे चेहरा होता… तीन आठवड्यांत तो सरळ बघायचं धाडस मला झालंच नव्हतं.

डॉक्टर गाडी घेऊन आला. दादांनी आत्याला हाक मारली आणि दोघं उगाचच मागच्या खोलीत गेले.

"माझंच चुकलं," मी म्हटलं. "ठेवा इथे."

ठोकळा, गाडी, रिमोट. रिमोट आधी, गाडी नंतर. त्यानं दांडीवरून अंगठा उचलला, चाकं फिरू लागली. अंगठा ठेवला, थांबली. त्याच्या अंगठ्याच्या वजनानं दांडी केसभर मागे यायची. मी जुळवलं होतं ते त्या केसभराला.

"शुक्रवारी अंगठा कुठे होता?"

"दांडीवर."

"मग हो का म्हणालात?"

तो गाडीकडे बघत राहिला. "तुम्ही काय विचारलंत ते मला ऐकूच आलं नाही. तुम्ही खाली वाकला होतात, केस पुढे आले होते. तुम्ही काहीतरी म्हणालात, मी हो म्हटलं. काहीही विचारलं असतं तरी हो म्हटलं असतं."

चाकं थांबलेली होती, त्याचा अंगठा अजून दांडीवरच होता.

"मीही बघितलं नाही," मी म्हटलं. "हाताकडे बघायला हवं होतं. तुमच्याकडे बघावं लागलं असतं."

मी ब्लेडनं माझा लाल ठिपका खरवडला. आयुष्यात पहिल्यांदा. मग मान वर केली, नीट, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याचा अंगठा दोन बोटांत धरून दांडीवरून उचलला. सोडला नाही. दुसऱ्या हातानं स्क्रू फिरवला. चाकं मंद झाली, थांबली.

"आता मी विचारते ते नीट ऐकून उत्तर द्या," मी म्हटलं. "आज संध्याकाळी म्हाताऱ्या डॉक्टरांना काय सांगणार?"

"काय सांगू?"

"मला वाटतं, तुम्ही थांबावं."

"हे ऐकू आलं," तो म्हणाला. "पण तुम्ही ह्या सव्वीस दिवसांत एकदाही म्हणाला नाहीत."

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

"काका वाट बघतायत, त्यांना पत्र लिहावं लागेल… तेवढ्यासाठी तरी अंगठा सोडाल ना?"

मागच्या खोलीतून आत्या म्हणाली, "सोड गं. पत्र लिहू दे त्याला."

मी स्क्रूवर नवा ठिपका ठेवला. तो तसाच उठून म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेला. सोमवारी मी पहिल्यांदा वरचा जिना चढले. दाढेच्या वेळी मी त्याचं मनगट इतकं घट्ट धरलं, की तो म्हणाला, "हात काढलात तर दाढ दिसेल." मी हो म्हटलं, आणि काढला नाही.

पुढच्या मे महिन्यात आमचं लग्न झालं. दादा त्यानंतर अकरा वर्षं होते, शेवटपर्यंत कोपऱ्यात बसून माझ्या तारांची लांबी मोजत. म्हातारे डॉक्टर मुलीकडे राहायला गेले, दर वर्षी पत्र पाठवून खुर्चीची चौकशी करायचे. काकांनी दोन वर्षं अबोला धरला, मग कवळी बसवायला इथेच आले. कवायतीच्या मास्तरांनी अंगठ्यांचा नियम कधीच सोडला नाही. आत्या एक्याण्णव वर्षं जगली, बत्तीसपैकी सत्तावीस दात घेऊन, आणि जावयाला एकालाही हात लावू दिला नाही.

आमची मुलगी परगावी विमानांच्या यंत्रांवर काम करते. काम तपासून झालं की लाल ठिपका ठेवते.

दवाखाना बंद करून आता सहा वर्षं झाली. माझ्या डॉक्टरांना हल्ली कमी ऐकू येतं, बहुतेक गोष्टींना ते हो म्हणतात. लाल गाडी कपाटावर असते. गेल्या महिन्यात मी ती उघडली. स्क्रूवर खरवडलेल्या ठिपक्याची फिकट कड अजून दिसते, आणि तिच्यावर दुसरा ठिपका, तो मोडलेला नाही. नवी बॅटरी जोडली, ठोकळ्यावर ठेवली. रिमोट आधी, गाडी नंतर.

"हात काढलाय?" मी मोठ्यानं विचारलं.

"हो," ते म्हणाले.

मी बघितलं. अंगठा दांडीवरच होता.