लाल रेघेचे दगड

"लाव पैज! उद्या मी खिंडीपर्यंत एका दमात चढणार!" टमटम म्हणाला.

"तू? अरे, काल पाण्याच्या टाकीपर्यंत जाताना दोनदा बसकण मारलीस!" भिंगरी खिदळली.

सुट्टीत दोघं भावंडं मावशीकडे आली होती. जीपचा रस्ता संपत येतो तिथे, उंच डोंगरावर, मावशीचं चहाचं हॉटेल होतं. भिंगरी-टमटमची आई वाटाड्या. सकाळीच ती पाहुण्यांना घेऊन खिंडीत गेली होती आणि आता उतरायला लागली असणार. उद्या ती या पोरांना नेणार होती.

"ए, इकडे या! हे काय आहे?" मावशीचा मुलगा ओरडला. चष्म्यामुळे आणि अतिशहाणपणामुळे सगळे त्याला प्रोफेसर म्हणायचे. तो दारातल्या जीपपाशी वाकला होता. उतारावर जीप घसरू नये म्हणून चाकांना दगड लावले होते आणि प्रत्येक दगडावर लाल रेघ होती!

भिंगरीनं दगड लगेच ओळखले. त्या रेघा आईनं ओढल्या तेव्हा रंगाचा डबा तिनंच धरला होता. वरच्या वळणावर दोन वाटा फुटतात. त्यातली सरळ जाणारी जुनी वाट पुढे दरीत ढासळलेली. म्हणून आईनं तिच्या तोंडाशी हे दगड आडवे मांडले होते. धुक्यात उतरताना लाल दगड दिसले की डावीकडे वळायचं, एवढीच काय ती खूण.

आणि बाहेर तर ढग उतरले होते. समोरचं झाडसुद्धा दिसेना!

जीपचा मालक आत चहा पीत बसला होता. धुक्यातही डोळ्यांवर गॉगल! पोरांनी त्याचं नावच गॉगलवाला ठेवलं होतं.

"काका, हे दगड तुम्ही आणलेत?"

"हो! वळणावर कुणीतरी ओळीनं मांडून ठेवले होते. म्हटलं, वा, जीपवाल्यांची काय सोय केलीय! चाकाला एक नंबर बसतात!"

"अहो, सोय कसली! वाट बंद असल्याची खूण होती ती! माझी आई त्याच वाटेनं दरीत जाईल! चला ना वर, लवकर!"

"या धुक्यात? वेड लागलंय का? तुझी आई मुरलेली वाटाड्या आहे. येईल आपोआप."

मावशीनं हात जोडले. गॉगलवाल्यानं दुसरा चहा मागवला. फोनला रेंज नव्हती आणि दुसरी जीप नव्हती. भिंगरीला वाटलं, याच्या हातातला कप हिसकावून फेकून द्यावा. पण ती मुकाट बाहेर आली आणि टमटमच्या कानात काहीतरी कुजबुजली. टमटमनं जीपमधली कॅमेऱ्याची पिशवी उचलली आणि थेट पिठाच्या डब्यात कोंबली.

"काका," भिंगरी दारातून म्हणाली, "तुमचा कॅमेरा कुठाय? जीपमध्ये तर नाही. वळणावर राहिला की काय?"

गॉगलवाला ताडकन उठला. "अरे देवा! नवाकोरा आहे तो! मरू दे धुकं!"

"आम्ही वाट दाखवतो!" भिंगरी आणि प्रोफेसरनं दगड जीपमध्ये टाकले आणि मागे उडी मारली. टमटम पिठाच्या डब्याची राखण करायला थांबला. मावशी सगळं समजली, पण तिनं चकार शब्द काढला नाही.

जीप पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत चढली. वळण येताच भिंगरीनं पुढे झेप घेऊन हॉर्न दाबला. उत्तर नाही. पुन्हा दाबला. मग जुन्या वाटेवरून, खोल खालून आवाज आला, "थांबा! कुणी पुढे येऊ नका!"

"आई!"

वाटेची कड ढासळली होती. पाहुणे डोंगराला चिकटून थरथरत उभे होते. वाटाड्या नेहमी सगळ्यांच्या पुढे. त्यामुळे एकटी आईच खाली गेली होती आणि एका अरुंद टप्प्यावर पाय दुमडून पडली होती.

गॉगलवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण त्यानं वेळ घालवला नाही. जीपच्या हुकाला दोर बांधून त्यानं दुसरं टोक खाली सोडलं आणि आईनं ते कमरेला बांधलं. जीप इंच इंच मागे सरकत होती आणि प्रोफेसर घसा फाटेस्तोवर ओरडत होता, "हळू! थांबा! आता घ्या!"

आई वर आली. पाय मात्र लोंबत होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली खोली माणसांनी भरली. "ही पोरं नसती तर आम्ही एकामागून एक गेलो असतो!" पाहुणे सांगत होते. मावशीनं तिघांना पोटाशी धरलं. टमटम फुशारून गेला होता. भिंगरी मात्र आईच्या पायाकडे बघत होती. हा पाय आता डोंगर चढणार नाही, असं डॉक्टर आईला सांगत असताना तिनं ऐकलं होतं.

गॉगलवालाही आला. "शाबास पोरी! काय डोकं चालवलंस! कॅमेरा पिठात सापडला, पण मी रागावलो नाही हं!"

"काका," भिंगरीचा आवाज फुटला, "आई दरीत जाईल असं मी म्हणाले, तेव्हा तुम्ही बसून राहिलात. कॅमेरा म्हणाले, तेव्हा उठलात!"

गॉगलवाला मान खाली घालून उभा राहिला. आईनं लेकीला जवळ ओढलं, आणि कालपासून एक टिपूसही न गाळलेली भिंगरी आईच्या कुशीत ढसाढसा रडली.