अकरा पावलं

"डॉक्टरकाका, गाईला भोवळ येते का हो?"

विचारून दाखव, अशी तिच्या दोन मैत्रिणींची पैज होती. त्या दोघी कुंपणापलीकडे तोंडावर हात दाबून हसत होत्या. हल्लीच वर्गात तिला कंठ फुटला होता. आता ती कुणालाही काहीही विचारायची.

जनावरांचे डॉक्टर मात्र हसले नाहीत. "भोवळ नाही ही. मेंदूत जंतू शिरलेत."

गोठ्याच्या कोपऱ्यात वाकडशिंगी गाय डावीकडे, फक्त डावीकडे, फिरत होती. कान लोंबलेला, गालात न चावलेला चारा, लाळेची तार जमिनीपर्यंत.

डॉक्टरांनी मुरघासाच्या, म्हणजे मुरवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, खड्ड्यावरचं फाटकं प्लास्टिक उचललं. कुजका वास आला. "हा जंतू मातीतलाच. मुरघासाला हवा लागली की माजतो, शेणातून पसरतो, थंडीलाही दाद देत नाही. सगळा फेका. दूध उकळूनच प्या, आणि वहिनींना जपा."

आईला सातवा महिना होता.

बाबांनी मान डोलावली आणि वरचा वीतभर थर तेवढा काढला. "खालचा सोन्यासारखा आहे. सगळा फेकला तर गाईंनी खायचं काय, तुझं गणिताचं पुस्तक?"

"ते त्यांनाही पचणार नाही," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी वाकडशिंगी गेली. बाबांनी कोपरा धुतला, चुना मारला, कोरडा भुसा पसरला आणि आडवी फळी ठोकून तो बंद केला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा भुशात वर्तुळ होतं. खुरांचे ठसे नव्हते. भुसा नुसता दबलेला. फळी ओलांडून ती त्या वर्तुळावरून चालली. अकरा पावलं. दाताळ्याने तिने सगळं सारखं केलं.

पुढच्या दुपारी वर्तुळ पुन्हा तिथेच.

"मांजर असेल," बाबा म्हणाले.

"एवढं जड?"

बाबा बादली उचलून निघून गेले.

वाकडशिंगी गेल्याच्या पाचव्या दिवशी गोठ्याच्या पार दुसऱ्या टोकाची कालवड फिरू लागली. डावीकडे. कालवडीच्या शेजारून चालत तिने पावलं मोजली. अकरा.

ती धावतच घरी आली. पायातले बूट दारात भिरकावले. आईने नुकतीच फरशी पुसली होती. बाबा टेबलाशी बसले होते. तिने एका दमात सगळं सांगितलं.

"योगायोग," बाबा म्हणाले, पण त्यांनी वर पाहिलं नाही.

"अगं, आधी बस," आई म्हणाली. "आल्यापासून टेबलाभोवती फिरतेयस."

ती थांबली.

टेबल तिच्या डाव्या हाताला होतं.

ओल्या फरशीवर वर्तुळ उमटलं होतं. अनवाणी पावलं तिची. त्यांच्याखाली, अर्धवट वाळलेले, चपलांचे ठसे.

घरात चपला फक्त आई घालायची.

तिने मोजलं नाही. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"उद्या मी शाळेत जाणार नाही," ती म्हणाली. "खड्डा तळापर्यंत रिकामा करणार. आणि बाबा, आईला घेऊन आपण दवाखान्यात जायचं. आत्ता."