निळीचं पाणी आणि एक निबंध

"चार पाट्या आणि चारही निबंध सारखेच!" आनंदीबाईंनी पाट्या ओसरीवर ठेवल्या. "'आमच्या गावची विहीर फार सुंदर आहे. तिचे पाणी अमृतासारखे गोड आहे.' शी! वीट आला मला!"

इंदू, हिरामण, अली आणि अलीची धाकटी बहीण सफुरा माना खाली घालून बसली. १९४६ सालची मे महिन्याची सुट्टी होती. आनंदीबाई म्हणजे इंदूची आत्या. त्या पुण्याला मुलींच्या शाळेत शिकवायच्या आणि दर सुट्टीत कुंभिवलीला माहेरी यायच्या. पोरांचं लेखन सुधारायचं असं त्यांनी यंदा मनावर घेतलं होतं.

"गुरुजींनी असाच सांगितला हुता, बाई. आमी पाठ केला," हिरामण पुटपुटला.

"अमृत चाखलंयस तू?"

"नाय!"

"काल मी पाणी प्यायले, तर सडका वास आला," सफुरा हळूच म्हणाली.

"मग ते का नाही लिहिलंस?"

"निबंधात घाण लिहायची नसते ना!"

आनंदीबाईंनी ओल्या फडक्याने चारही पाट्या पुसून टाकल्या. "उठा! विहिरीवर जाऊन तासभर बसा. डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल, नाकाला लागेल, तेवढंच टिपून आणा. वाक्यं नंतर जुळवू. आणि कोणी 'सुंदर' लिहिलं, तर पुन्हा पुसायला लावीन!"

विहीर मुंबई-पुणे रस्त्याच्या खालच्या अंगाला होती. पायऱ्या उतरताच अलीने नाक दाबलं. "या अल्ला! हे पाणी आपण पितो?"

पाण्यावर हिरवट, तेलकट साय धरली होती. तिच्यावर भाताची शितं फुगून तरंगत होती आणि माश्यांचा थवा घोंघावत होता.

"टीप, इंदू, टीप!" हिरामण म्हणाला. "शितं हायेत. विहिरीत कोण भात शिजवतंय?"

"ते बघ!" सफुराने भिंतीकडे बोट दाखवलं. दोन दगडांच्या फटीतून काळपट पाणी झिरपत होतं. हिरामणने शेवटच्या पायरीवर ओणवं होऊन ते बोटावर घेतलं, हुंगलं आणि तो तसाच मागे सरकून ओकारी काढू लागला. "मासळी! सडलेली मासळी!"

वास कुठून येतो ते शोधायला फार लांब जायची गरजच नव्हती. वर रस्त्याच्या कडेला येसाजीचं हॉटेल होतं. मुंबईहून येणाऱ्या मोटारी तिथे चहा-जेवणाला थांबत. मुलं मागच्या बाजूला गेली आणि जागीच थबकली. उघड्या खड्ड्यात खरकटा भात, माशांची आतडी, चहाचा चोथा असं सगळं एकत्र कुजत होतं. त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. खड्डा भरून वाहत होता आणि ते पाणी थोडं पुढे जाऊन एका भेगेत गडप होत होतं.

"ए पोरांनो! काय पायजे रं?" येसाजी विडी ओढत मागे आला.

"काका, तुमची घाण विहिरीत जाते!" इंदू म्हणाली.

"खुळी का काय! इहीर चाळीस पावलं लांब हाय. माझं पानी काय उडी मारून जातंय व्हय?" तो खो खो हसला आणि त्याच खड्ड्यात थुंकला.

मुलांनी धावतच घरी येऊन आत्याला सगळं सांगितलं. इंदूने पाटीवर पहिलंच वाक्य लिहिलं : 'येसाजी हा नीच, पापी आणि डुक्कर आहे.'

आत्याने वाचलं. "तुला असं वाटणं चुकीचं नाही. मलाही ऐकून मळमळतंय. पण शिवी वाचून लोक तुलाच दटावतील. भेगेचं वाचलं, तर भेग बुजवतील. तेच पाणी विहिरीत येतं हे तू पाहिलंस का?"

इंदूने ते वाक्य पुसून टाकलं. पाहिलं नव्हतंच!

"घरी कपड्यांची नीळ आहे," अली एकदम ओरडला. "खड्ड्याच्या पाण्यात ओतली तर?"

दुपारी हॉटेलातली माणसं जेवून लवंडली, तेव्हा अलीने खड्ड्याच्या तोंडाशी नीळ ओतली आणि वरून दोन घागरी पाणी सोडलं. इंदू आणि सफुरा खाली विहिरीत फटीकडे टक लावून बसल्या. वासाने डोकं भणभणत होतं. दोघींनी पदर आणि ओढणी नाकाला धरली होती.

"निळं!" सफुरा किंचाळली. "इंदू, निळं पाणी आलं!"

काळ्या दगडावरून निळसर ओघळ सरळ विहिरीत उतरत होता!

त्याच संध्याकाळी आरोग्य खात्याचे तपासनीस गावात आले. गावात जुलाब-उलट्यांनी पाच जण पडले होते. मोतीबाईच्या छोट्या जैतूला तर मानही उचलवत नव्हती. तपासनीस येसाजीच्या बाकावर बसले, त्यांनी भजी खाल्ली आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं : 'विहीर समक्ष पाहिली. पाणी निर्मळ आहे.'

शेजारी उभ्या असलेल्या हिरामणने ते वाचलं. "पन साहेब, तुमी तर इहिरीकडं गेलाच नाय!"

"चल हट! पोरं मोठी शहाणी!" तेलकट बोटं कागदाला पुसत तपासनीस मोटारीत बसले.

"माश्यांपेक्षा याची किळस येते," अली दात आवळून म्हणाला.

आनंदीबाईंनी आधी घरोघर जाऊन सांगितलं की विहिरीचं पाणी कोणी पिऊ नका, नदीचं आणून उकळून घ्या. मग मुलांना घेऊन बसल्या. लढाईपासून कागद दुर्मिळ झाला होता. घरात एकच कोरा ताव होता.

"म्हणून आधी पाटीवर! आधी काय पाहिलं, मग काय, क्रम लावा. ऐकीव सगळं खोडा."

मुलांनी तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. 'आम्हांला फार वाईट वाटले' हे गेलं. 'पुष्कळ वेळाने' खोडून 'एक हजार अंक मोजेपर्यंत' आलं, कारण निळं पाणी येईपर्यंत सफुराने खरोखर तेवढे मोजले होते! शेवटी हिरामणने तावावर लिहून काढलं आणि चौघांनी खाली नावं घातली.

सकाळी उन्हाआधी चौघं आनंदीबाईंबरोबर चालत खालापूरला गेली. तिथले सर्वांत मोठे अंमलदार म्हणजे महालकरी. त्यांनी ताव वाचला. मग कपाळाला आठ्या घालून तपासनिसांचा कागद काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"एक विहीर, आणि हे दोन कागद!" ते उठलेच. "तपासनिसांना बोलवा. आत्ताच कुंभिवलीला जायचं!"

विहिरीपाशी सारा गाव जमला. महालकऱ्यांनी दोन्ही कागद मोठ्याने वाचले. येसाजीचा चेहरा पडला, पण तपासनीस रेटून म्हणाले, "पोरांनी कथा रचली आहे, साहेब! पाणी निर्मळच आहे!"

इंदू झरझर पायऱ्या उतरली आणि लोटा भरून घेऊन आली. "मग घ्या, साहेब. उन्हातून आलात, तहान लागली असेल!"

तपासनिसांनी लोट्यात पाहिलं. वर एक शीत तरंगत होतं. त्यांनी लोटा तोंडाजवळ नेला मात्र, आणि वासासरशी तोंड फिरवून रस्त्याच्या कडेला भडाभडा ओकले!

"पुरावा पोचला!" महालकरी कोरडेपणाने म्हणाले. तपासनिसांना त्याच दिवशी कामावरून काढलं. येसाजीला स्वतःच्या हातांनी खड्डा उपसावा लागला, आणि नाकाला फडकं बांधून तो ओकाऱ्या काढत असताना सगळा गाव बघत उभा होता. भेग बुजवली, विहीर उपसून तिच्यात तांबडं औषध टाकलं. खालापूरहून डॉक्टर आले आणि आठवड्याभरात जैतू अंगणात रांगू लागला.

निघताना महालकऱ्यांनी मुलांची पाठ थोपटली. "असा अहवाल माझे कारकूनही लिहीत नाहीत. हा ताव दफ्तरात राहील. बाई, तुम्ही पोरांना चांगलं शिकवलंत!"

"मी फक्त पुसायला लावलं, साहेब. पाहिलं त्यांनी," आनंदीबाई म्हणाल्या.

हिरामण मात्र अस्वस्थ झाला. "साहेब, जरा द्या ना तो ताव. 'निळसर'मधला 'ळ' वाकडा आलाय. दफ्तरात जायचा तर नीट काढतो!"