सेहेचाळीस पायऱ्यांचा वळसा

एल्मरी जंक्शनवर आता कुणी कुणाला धडकत नाही. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेकडच्या उपनगरातलं हे स्टेशन. फलाट तेरा, आणि सकाळच्या तासाभरात इथे गाडी बदलणारी माणसं हजारोंनी. पूर्वी नुसती रेटारेटी चालायची. आता फरशी प्रत्येकाचं पाऊल ओळखते आणि त्याच्यापुढे एक हिरवा बाण उमटवते. बाणामागून निमूट चालायचं, की गाडी मिळते. इंग्रज माणसाला शिस्तीत चालण्यापलीकडे दुसरं काय हवं असतं म्हणा.

ऋत्विक बोंद्रेला हा बाण फार आवडायचा. तीन वर्षांत या स्टेशनवर त्याला नकोसं असं एकही माणूस भेटलं नव्हतं. तो याला नशीब समजायचा. मंगळवारी त्याला वरच्या मजल्यावरच्या कचेरीत बोलावणं आलं, तिथे हा समज फिटला.

"नशीब नाही," डॉ. मार्गारेट पिम म्हणाल्या. ही फरशी त्यांनीच घडवलेली. "गर्दीत नकोसं माणूस दिसलं, की तुमच्या आधी तुमच्या पायाला कळतं. पाऊल आखडतं, भार टाचेवर जातो. सेकंदाचा पाचवा हिस्सा, बस. पण तेवढ्यात मागचा अडखळतो, त्याच्या मागचे दहा अडखळतात आणि सगळी वाट तुंबते. म्हणून फरशी अशा दोघांना पुन्हा समोरासमोर येऊच देत नाही."

अशा दोघांना त्यांच्या भाषेत एक लांबलचक नाव होतं. आपण त्यांना टाळजोडी म्हणू.

"म्हणजे मला वाचवलं म्हणायचं," ऋत्विक हसला.

"तुम्हाला नाही, गर्दीला. जोडीतल्या एकाला वळसा पडतो. ज्याच्या उशिरानं इतरांचं कमी अडतं, त्याला."

त्यांनी त्याच्या जोडीतल्या दुसऱ्या व्यक्तीचं तक्रारीचं पत्र पुढे सरकवलं. नाव काळ्या शाईनं झाकलेलं होतं. लिहिणारी बाई एकाहत्तर वर्षांची. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती वृद्धांच्या केंद्रात स्वयंपाकाला जाते. सात नंबरवरून नऊ नंबरवर जायला सपाट भुयारी वाट असताना तीन वर्षं बाण तिला पुलावरूनच नेतो. सेहेचाळीस पायऱ्या, एक दुखरा गुडघा आणि पिशवीत कणकेचा डबा. शेवटी लिहिलं होतं, 'चूक माझीच असेल, उगाच कुणा कामगाराला बोल लावू नका.'

ती ओळ ऋत्विकनं दोनदा वाचली. असं लिहिणारं माणूस त्याला एकच ठाऊक होतं. अश्विनीमावशी.

मावशी म्हणजे त्याच्या आईची मैत्रीण. तो शिकायला आला तेव्हा चौदा महिने तिच्या पुढच्या खोलीत राहिला, तिच्या हातच्या गरम पोळ्या खाल्ल्या. तिला मूलबाळ नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तिचे यजमान विद्याधरकाका गेले, तेव्हा तिनं त्याला फोन केला. इंग्लंडातल्या त्या दहनगृहात शवपेटी पडद्याआड जायची आणि घरच्या कुणीतरी भट्टीची कळ दाबायची, अशी रीत होती. "कळ तू दाब रे," ती म्हणाली, "त्यांना तूच मुलासारखा होतास."

ऋत्विक घाबरला. मरणाला नव्हे, त्याच्यानंतरच्या दिवसांना. आज कळ दाबली की उद्यापासून मुलगाच व्हायचं. दवाखाना, औषधं, दर रविवारची फेरी. "मी एडिनबरोला आहे गं मावशी," त्यानं ठोकून दिलं. नेमकी तेव्हाच त्याच्या मागे एल्मरी जंक्शनची घोषणा घुमली, आणि मावशी तर तीस वर्षं इथेच गाडी बदलत होती. तिनं ती घोषणा पुरती ऐकून घेतली. मग म्हणाली, "बरं बाळा. थंडी असेल तिकडे, जपून राहा."

कळ तिनं स्वतःच दाबली. महिन्याभरानं ती स्टेशनवर लांबून दिसली, तेव्हा ऋत्विकनं खांबाआड तोंड लपवलं होतं. फरशीला तेवढं पुरलं.

"बाईंना कारण सांगायला तुमची परवानगी लागते," पिम म्हणाल्या. "शनिवारपर्यंत कळवा."

"त्यापेक्षा ती जोडी मोडून टाका ना."

"मोडेन. तुमचं पाऊल ती पुन्हा जोडेल. फरशी तुमच्या तोंडचं ऐकत नाही, मिस्टर बोंद्रे. त्यांना बघून तुम्ही अडखळला नाहीत, तरच ती सुटेल."

तीन रात्री बायको शेजारी झोपलेली आणि ऋत्विक जागा राहून स्वतःला शिव्या घालत होता. शुक्रवारी सकाळी त्यानं पिमबाईंना जोडी मोडायला लावली, रजा टाकली आणि भुयारी वाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. काय बोलायचं ते ठरलं होतं. मावशी, मी खोटं बोललो. दे ती पिशवी इकडे. एवढंच.

सात नंबरवर गाडी लागली. मावशी उतरली, किती वाळली होती! ऋत्विक पुढे झाला. अगदी मनापासून पुढे झाला, निदान त्याला तसं वाटलं. तिच्या पायापुढचा बाण सरळ त्याच्याकडे येत होता. मध्येच तो बाण थरथरला आणि पुलाकडे वळला.

ऋत्विकला हायसं वाटलं. त्याची त्यालाच किळस आली, पण आधी वाटलं ते हायसंच.

मावशी पाचव्या पायरीवर दम खायला थांबली आणि तिनं मागे पाहिलं. भुयाराच्या तोंडाशी ऋत्विक. तिनं बाणाकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती. त्यानं मारली नाही. मावशीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली, मोकळा हात जरासा हलवला, जसा आपण एखाद्याला म्हणतो, जा बाबा, उशीर होईल तुला. मग कठडा धरून ती चढू लागली.

दुसऱ्या दिवशी पिमबाईंचा फोन आला.

"तुमच्या परवानगीची आता गरज उरली नाही. बाईंनी तक्रार मागे घेतली."

"का?"

"त्यांनी एवढंच विचारलं, हा बाण माणसं ओळखतो का. तुमच्या परवानगीशिवाय मला सांगता येईना. मग त्याच म्हणाल्या, राहू द्या, पायऱ्यांनी व्यायाम होतो. आता त्यांची संमती आहे म्हटल्यावर वळसा कायमचा झाला."

"आभारी आहे," ऋत्विक म्हणाला. हे आपण उगाच म्हटलेलं नाही, आपण खरोखरच आभारी आहोत, हे त्याला कळलं, आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्याला बायकोकडे मान वर करून बघवेना.